लोखंडी मचाण

जोंधळा हुरड्यास आला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील शेतकरी शेताच्या मध्यभागीं माळा उभारतो. चार मेढी जमिनींत पुराव्या, त्यांवर आडवीं लांकडें बांधावीं, वर कुडाची शेज घालावी, आणि हातांत गोफण घेऊन पांखरें राखीत बसावें, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. रानांत याच वस्तूला मचाण म्हणतात. शिकारी झाडाच्या दुबेळक्यांत खाट किंवा फळ्या बांधून, भोंवतीं पाल्याचा आडोसा करून सावजाची वाट पाहत बसे. शेतकऱ्याचा माळा पांखरांना दिसावा म्हणून असतो, तर शिकाऱ्याचें मचाण सावजाला दिसूं नये म्हणून. परंतु दोहोंचा हेतु मुळांत एकच आहे. मनुष्यानें जमीन सोडून वर जावें, दूरवर पाहावें, आणि सुखरूप खालीं यावें. या तीन गोष्टींपैकीं तिसरीचा विचार आपण बहुधा सर्वांत शेवटीं करतों. तो सर्वांत आधीं कां केला पाहिजे, हें विद्यार्थ्यांना व त्यांच्या वडील मंडळींना सांगावें, याकरितां हा लेख लिहीत आहें.

शिकारीचे दिवस आपल्या देशांत संपले आहेत. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक बंधनें घातलीं, आणि १९९१ सालच्या दुरुस्तीनें शौकाची शिकार सर्वस्वीं बंद झाली. मचाण मात्र संपलें नाहीं. ताडोबा, मेळघाट यांसारख्या अरण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यालगतच्या मचाणांवर बसून पाण्यावर येणारे प्राणी पाहण्याचा व टिपून ठेवण्याचा उपक्रम वनखातें करीत आलें आहे. ज्या जागीं पूर्वीं बंदूक घेऊन बसत, त्या जागीं आतां वही व दुर्बीण घेऊन बसतात. अरण्याच्या कडेला ज्यांचीं शेतें आहेत, त्यांना तर रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं मचाणाची गरज रोजचीच असते.

झाडावरचें मचाण व जमिनीवर उभारलेलें मचाण यांत मोठा भेद आहे. रुद्रप्रयागच्या ज्या नरभक्षक बिबट्यानें आठ वर्षांत सव्वाशें माणसें मारलीं, त्याला जिम कॉर्बेट यांनीं १९२६ सालीं गोलाबराई येथें एका आंब्याच्या झाडावरील मचाणावरून टिपलें. त्या मचाणाचा पाया कोणी घातला होता? अर्थात्‌ आंब्यानें. त्याचीं मुळें जमिनीला धरून होतीं, त्याचें खोड अनेक वर्षांचे वारे सोसून जाड झालेलें होतें. शिकाऱ्यानें केवळ वर फळ्या बांधावयाच्या. बाकीचें काम झाडानें आधींच करून ठेवलेलें असतें. परंतु जेथें झाड नाहीं, तेथें काय करावें? अमेरिकेंतील टेक्सास राज्याच्या दक्षिणेस कोसच्या कोस खुरट्या काटेरी झुडपांचें रान आहे. तेथें परवाना घेऊन हरणांची शिकार करण्याची रीत अद्याप चालू आहे, आणि उंच झाडें थोडीं असल्यामुळें शिकारी तीन किंवा चार पायांची लोखंडी घडवंची उभारून तिजवर बसतात. त्या देशांत शिकाऱ्यांना ज्या इजा होतात, त्यांत अशा उंच आसनावरून पडून झालेल्या इजा पुष्कळच असतात. बंदुकीची भीति सर्वांना वाटते. उंचीची भीति वाटत नाहीं, म्हणून असें होतें.

मलाही ती वाटली नव्हती. चार वर्षांपूर्वीं आमच्या निसर्गमंडळाच्या मुलांनीं हट्ट धरला कीं, ओढ्यावर पाणी पिण्यास येणारे प्राणी आपण रात्रीं बसून पाहावे. एका विद्यार्थ्याच्या घरचें शेत ओढ्याच्या कांठीं, रानाला लागून आहे. रानडुकरें त्यांच्या मक्याची नासधूस करीत, तेव्हां राखणीसाठीं उंच जागा त्यांनाही हवीच होती. लांकडी माळा दोन-तीन वर्षांत वाळवी खाते, म्हणून मचाण लोखंडाचें करावें असें ठरलें. नकाशा मी काढला. मी गणिताचा शिक्षक. माझ्याखेरीज तो कोणी काढावा? दहा फूट उंचीचे चार सरळ पाय, वर सहा फूट लांबीरुंदीचा चौक, आणि पायांच्या मध्यावर चारी बाजूंनीं एक एक आडवी पट्टी. वेल्डिंगच्या दुकानांतून माझ्या नकाशाबरहुकूम सांगाडा तयार होऊन आला, आणि आम्हीं तो चार सपाट दगडांवर उभा केला. वारा अडावा म्हणून तीन बाजूंना पत्राही ठोकला. लोखंड जाड होतें, आणि जाड लोखंड म्हणजे बळकट मचाण अशी माझी समजूत होती.

तीन मुलें वर चढलीं. खालून कोणी हाक मारली म्हणून तिघेंही एका बाजूला सरकलीं, तोंच सगळा सांगाडा पालखीसारखा हेलकावे घेऊं लागला. एक मुलगा कडेवरून घसरला. सुदैवानें कोपऱ्याचा पाय त्याच्या हातीं आला, आणि सोलवटलेल्या तळहातांनिशीं तो खालीं उतरला. बाकीच्या दोघांना मी शिडी धरून उतरवून घेतलें. मुलाचे आजोबा बांधावर उभे राहून हें सर्व पाहत होते. ते जवळ आले, एका पायाला त्यांनीं हातानें हलकेंच ढकलून पाहिलें, आणि म्हणाले, “गुरुजी, समदं झालं, पन ह्याला कैची कुठं हाय?”

त्यांचा स्वतःचा जुना माळा शेजारीं उभा होता. त्याच्या मेढी मनगटाएवढ्या, दोर काथ्याचे. पण प्रत्येक बाजूस दोन तिरकीं लांकडें एकमेकांवरून कैचीसारखीं बांधलेलीं होतीं. आजोबा शाळेंत गेलेले नाहींत. मी मात्र त्याच आठवड्यांत नववीच्या वर्गांत त्रिकोणांच्या एकरूपतेची बाबाबा कसोटी शिकवून आलों होतों. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं वळवाचा पाऊस आला. सकाळीं जाऊन पाहतों तों मचाण उन्हाळी मक्यांत आडवें पडलेलें. आदल्या दिवशीं आजोबांनीं तो प्रश्न विचारला नसता, तर त्या संध्याकाळीं तीन मुलांना घेऊन मी त्यावर बसलेला असतों. ही गोष्ट मी विसरूं शकलेलों नाहीं.

आतां कैचीचें मर्म पाहूं. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या घेऊन टोंकांशीं एक एक टाचणी मारावी व चौकोन करावा. तो कोपऱ्याशीं धरून ढकलला कीं तिरपा होतो. बाजू त्याच राहतात, कोन बदलतात. कारण चार बाजू ठरल्यानें चौकोनाचा आकार ठरत नाहीं. आतां तीनच पट्ट्यांचा त्रिकोण करून ढकलावा. तो हलत नाहीं. पट्टी मोडेल, टाचणी उपटेल, परंतु कोन बदलणार नाहीं. कारण तीन बाजू ठरल्या कीं त्रिकोण ठरतो. बाबाबा कसोटीचा अर्थ हाच आहे. चौकोनाला एक कर्ण जोडला कीं त्याचे दोन त्रिकोण होतात, आणि डळमळणारा सांगाडा निश्चळ होतो. विजेच्या तारा वाहून नेणारा मनोरा रस्त्यानें जातांना नीट न्याहाळावा; त्यांत पायथ्यापासून शेंड्यापर्यंत त्रिकोणच त्रिकोण दिसतील. माझ्या मचाणांत एकही नव्हता. त्याचा सगळा भरंवसा कोपऱ्यांतील वेल्डिंगवर होता. आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी जो जोड वांकतो, त्याला आज ना उद्यां तडा जातोच.

कर्ण एक घालावा कीं दोन? लांब व बारीक पट्टी ताणली असतां पुष्कळ भार सोसते, परंतु दाबली असतां वांकते. वारा एका दिशेनें आला तर एक कर्ण ताणला जातो, उलट दिशेनें आला तर दुसरा. म्हणून प्रत्येक बाजूस दोन्ही कर्ण, म्हणजे कैची, घालणें श्रेयस्कर. अशा कैच्या चारी बाजूंस हव्या. तीनच बाजूंस घालून चौथी शिडीसाठीं मोकळी ठेवली, तर मचाण पिळवटतें. शिडी बाहेरून लावतां येते, तिच्यासाठीं कैची सोडण्याचें कारण नाहीं. वरच्या चौकाखालीं आडवाही एक कर्ण टाकावा.

पायांच्या बाबतींतही एक सुंदर नियम आहे. हातांतली फूटपट्टी उभी धरून वरून दाबली तर ती मोडण्यापूर्वीं मध्यें वांकते. ऑयलर या स्विस गणितज्ञानें १७४४ सालीं याचें गणित मांडलें. त्यावरून असें निघतें कीं, खांबाची मोकळी लांबी निम्मी केली, तर तो वांकविण्यास चौपट भार लागतो. दहा फुटी पायाला मध्यावर आडव्या पट्टीनें आणि कैचीनें पक्कें धरलें, कीं तो पांच पांच फुटांचे दोन खांब असल्याप्रमाणें वागतो. जाड लोखंड घेऊन पैसे घालविण्यापेक्षां योग्य जागीं आधार देणें अधिक शहाणपणाचें आहे.

यापुढें वाऱ्याचा विचार. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें १४० किलोमीटर, हा वेग इमारतींच्या भारतीय मानकांत पुण्यासाठीं धरतात. मुंबई व नागपूर यांसाठीं तो ४४ मीटर आहे. ३९ मीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारें ९३ किलो वजनाइतका दाब देतो. आमच्या मचाणाला सहा फूट लांब व चार फूट उंच पत्रा होता. त्याचें क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटरांच्या आंतच. एवढ्यावर दोनशें किलोंचा जोर, आणि तो जमिनीपासून साडेतीन मीटरांहून अधिक उंचीवर! गुणाकार केला म्हणजे मचाण उलथविणारी शक्ति सुमारें ७२० येते. त्याविरुद्ध मचाणाचें स्वतःचें वजन उभें असतें. तें ४०० किलो धरलें, आणि पायांमधील अंतर आठ फूट, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १.२ मीटर धरलें, तर रोखणारी शक्ति ४८० होते. आमच्या मचाणाच्या पायांत तर सहाच फुटांचें अंतर होतें. दगडांवर नुसतें ठेवलेलें मचाण वादळांत कां उलथतें, याचें उत्तर या दोन आंकड्यांत आहे.

उपाय तीन आहेत. पहिला, पाय सरळ न ठेवतां खालीं फांकवावे. वर सहा फूट तर तळाशीं आठ फूट. पॅरिस येथील १८८९ सालचा आयफेल मनोरा पायथ्याशीं एवढा रुंद आहे तो वाऱ्याला तोंड देण्यासाठींच. दुसरा, आडोशाला पत्रा न लावतां कुडाची विरळ ताटी किंवा तरट लावावें, म्हणजे वाऱ्याला कांहीं वाट मिळते. आणि पावसाळ्यांत काम नसेल तेव्हां तें काढून ठेवावें. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे झाडाला जीं मुळें देवानें दिलीं, तीं मचाणाला आपण द्यावीं. दीड फूट लांब, रुंद व खोल अशा काँक्रीटच्या ठोकळ्याचें वजन सुमारें २२५ किलो भरतें. चारी पायांखालीं असे ठोकळे असले, तर वाऱ्याकडील दोन ठोकळे मिळून सुमारें १,०८० ची भर घालतात. मचाणाचें ४८० धरून बेरीज १,५६० होते, म्हणजे वाऱ्याच्या शक्तीच्या दुपटीहून अधिक. दुप्पट ही चैन नव्हे. सांगाड्यावर बसणारा वारा, अचानक येणारा झोत आणि आपल्या अंदाजांतील चूक या सर्वांसाठीं ती जागा राखून ठेवावयाची असते.

पाया खणतांना जमीन ओळखावी. काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिजवर ठोकळा ठेवला तर चारी पाय वेगवेगळे उचलतात व खचतात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावें. पायाच्या तळाशीं लोखंडाचा एक आडवा तुकडा जोडावा, म्हणजे तो काँक्रीटमधून उपटून येत नाहीं. चारी पाय ओळंब्यानें व पाणसळीनें तपासून घेतल्यावरच काँक्रीट ओतावें, आणि निदान सात दिवस त्यावर पाणी मारावें. ठोकळ्याचा माथा जमिनीपेक्षां थोडा वर व बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा. लोखंड जेथें काँक्रीटमध्यें शिरतें, तेथें पाणी सांचलें कीं गंज तेथूनच सुरू होतो.

गंज हा लोखंडाचा वाळवी. पोकळ पाइपांत पाणी शिरलें तर तो आंतून कुजतो आणि बाहेरून रंग ताजाच दिसतो. याकरितां कोनाकृति पट्टी, जिला आपण अँगल म्हणतों, ती बरी. तिची प्रत्येक बाजू डोळ्यांना दिसते. जस्ताचा मुलामा दिलेलें लोखंड महाग पडतें, परंतु ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून लोखंडाला राखतें. तें न परवडल्यास खरवडून, तांबडें रेडऑक्साइड लावून वर रंगाचे दोन हात द्यावे, आणि दरवर्षीं पावसाळ्यानंतर प्रत्येक जोड व प्रत्येक बोल्ट हातानें तपासावा.

आतां वरच्या भागाकडे वळूं. तीन माणसें बसणार असतील तर सहांचा भार धरून तळ करावा. कारण माणसें उठतात, सरकतात, क्वचित्‌ दचकून उडीही मारतात. नुसता पत्रा घातला तर प्रत्येक हालचालीचा आवाज होतो आणि सारें रान सावध होतें. फळ्या टाकून त्यांवर जुनें रबर किंवा गोणपाट अंथरावें. कठडा साडेतीन फूट उंच असावा, त्याच्या मध्यावर आणखी एक दांडी असावी, आणि तळाच्या कडेला चार बोटें उंचीची पट्टी असावी, म्हणजे पाय किंवा दुर्बीण खालीं सरकत नाहीं.

शिडीवर सर्वांत अधिक लक्ष द्यावें. माणसें मचाणावर बसलेलीं असतांना जितकीं पडतात, त्यापेक्षां चढतांना, उतरतांना आणि शिडीवरून तळावर पाऊल टाकतांना अधिक पडतात. पायऱ्यांमध्यें एक फुटाचें अंतर असावें, आणि शिडीच्या दोन्ही बाजू तळापेक्षां तीन फूट वर गेलेल्या असाव्या, म्हणजे शेवटचें पाऊल टाकतांना हातांत कांहीं तरी राहतें. दोन हात व दोन पाय यांपैकीं तीन नेहमीं शिडीला टेकलेले असावे. सामान हातांत घेऊन कधींही चढूं नये; वर गेल्यावर तें दोरानें ओढून घ्यावें. वर झोंप येण्याचा संभव असल्यास खांद्यांवरून व मांड्यांभोंवतीं जाणारा पट्टा घालून तो कठड्याला नव्हे, सांगाड्याच्या पायाला बांधावा. नुसत्या कमरेच्या दोरावर लोंबकळलेल्या माणसाचा श्वास कोंडतो.

लपण चांगलें साधावयाचें तर मचाण पाणवठ्याच्या अशा बाजूस असावें कीं, वारा प्राण्यांकडून आपल्याकडे येईल. नव्या रंगाचा वास जाण्यासाठीं तें बसण्यापूर्वीं कांहीं आठवडे उभें करावें. हरणांना तांबडा रंग नीटसा ओळखतां येत नाहीं, पण निळा चांगला दिसतो. तेव्हां निळे कपडे टाळावे. सर्वांत मोठें लपण म्हणजे स्वस्थ बसणें.

पालकांसाठीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. वनखात्याच्या जमिनींत परवानगीवांचून मचाण उभारतां येत नाहीं. विजेच्या तारांच्या आसपास तें मुळींच उभारूं नये. उघड्या शेतांतील उंच लोखंड वीज ओढून घेतें. ढगांचा गडगडाट कानांवर येतांच खालीं उतरून पक्क्या घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतूं नये. दहा फुटांची उंची बिबट्याला कांहींच नाहीं, म्हणून शिडीच्या तोंडाशीं आंतून कडी लागणारें दार असावें. कुंपणांत वीज सोडून पीक राखण्याचा मोह तर कोणींही धरूं नये. तो गुन्हा आहेच, शिवाय त्यांत माणसेंही मेलेलीं आहेत.

त्याच शेतांत आमचें दुसरें मचाण उभें आहे. त्याचा नकाशा मुलांनीं काढला आणि मी तपासला. मग आम्हीं सर्वांनीं तो आजोबांना नेऊन दाखविला. त्यांना कागदावरच्या रेघा वाचतां येत नाहींत, म्हणून मुलांनीं बांबूच्या काड्यांचा हातभर उंचीचा नमुना करून त्यांच्या पुढें ठेवला. त्यांनीं तो कोपऱ्याशीं धरून ढकलला, पुन्हां ढकलला, आणि नुसती मान हलविली. तीन पावसाळे त्या मचाणानें काढले आहेत. गेल्या वैशाखी पौर्णिमेस आमच्या मुलांनीं तेथून रानडुकरांचा एक कळप, दोन भेकरें आणि एक साळिंदर पाहून वहींत लिहून ठेवलें, आणि पहांटे एकामागून एक, शिडी दोन्ही हातांनीं धरून, तीं खालीं आलीं. खालीं उतरणारीं मुलें मी मोजीत होतों. दरवेळीं मोजतों.